खाडीकाठचा एक हिवाळा: शिवडी ते उरण, दुर्मीळ पाणपक्ष्यांच्या नोंदी (नोव्हेंबर २०२३ ते मार्च २०२४)

मुंबईच्या खाडीकाठी हिवाळ्यात उतरणाऱ्या चिखलपक्ष्यांमध्ये एखादा दुर्मीळ पाहुणा शोधावा आणि त्याची नोंद तपासणीत टिकेल अशी करावी, एवढा हेतू ठेवून आम्ही दोघांनी हे काम हाती घेतले. मी चेंबूरला राहतो. माझे सोबती शेजारच्या इमारतीतील निवृत्त शिक्षक असून त्यांना मी सर म्हणतो. दोघांनाही झाडांवरच्या पक्ष्यांची बऱ्यापैकी ओळख होती, परंतु चिखलात चोच खुपसून फिरणाऱ्या करड्या-तपकिरी पक्ष्यांचे थवे आम्ही तोवर केवळ लांबून पाहिले होते. पुढील नोंदी त्या त्या दिवशीच्या वहीतून उतरवल्या आहेत. उरण तालुक्यातील ज्या पाणथळीचा उल्लेख वारंवार येतो, तिचे नाव मुद्दाम दिलेले नाही. त्याचे कारण ३१ जानेवारीच्या नोंदीत सापडेल.

५ नोव्हेंबर २०२३, रविवार. शिवडी जेट्टी.
सकाळी साडेनऊला पोहोचलो आणि दोन चुका एकदमच लक्षात आल्या. पाणी ओसरून दूर गेले होते आणि पक्षी पाण्याच्या कडेने सरकत इतके लांब पोहोचले होते, की ८×४२ च्या दुर्बिणीतून ते ठिपक्यांपलीकडे काही दिसत नव्हते. शिवाय शिवडीचा काठ पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचे ऊन थेट डोळ्यांवर येते आणि जवळचा पक्षीही काळ्या आकृतीसारखा दिसतो. जवळून ओळखता आले ते चार तुतवार, एक वंचक आणि काही शेकाट्ये. रोहित (फ्लेमिंगो) अजून आलेले नव्हते. तीन तासांत ओळख पटलेल्या जाती ११. हा दिवस पूर्णपणे वाया गेला असे लिहिण्यास मला संकोच नाही, कारण भरतीचे कोष्टक पाहून निघालो असतो तर तो वाचला असता.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन.
बाहेर गेलो नाही. सरांच्या ओळखीच्या, करंजा बंदरातील एका वयस्कर मच्छीमार मामांना फोन केला. त्यांनी सांगितलेला हिशोब या संपूर्ण हिवाळ्यात सर्वांत उपयोगी ठरला: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. तोच आकडा दिवसाला व तोच रात्रीला. ५ नोव्हेंबरला वद्य अष्टमी होती, म्हणजे भरती पहाटे सहाला होऊन गेली होती आणि आम्ही साडेतीन तास उशिरा पोहोचलो होतो. मामांनी आणखी एक गोष्ट बजावली. खाडीत जसजसे आत जावे तसतसे पाणी उशिरा चढते, म्हणून किनाऱ्यावरचा हिशोब भांडुपला जसाच्या तसा लावू नये. अचूक वेळ आणि पाण्याची उंची यांसाठी आम्ही छापील कोष्टकच वापरले, परंतु सहा आठवड्यांचे रविवार चटकन आखायला पाऊणपट पुरते.

त्यावरून कामाचा आराखडा बदलला. ओहोटीला पक्षी मैलोगणती पसरलेल्या चिखलावर विखुरतात. उधाणाच्या भरतीला चिखल बुडाला, की ते नाइलाजाने उंचावरच्या उघड्या जागी, म्हणजे जुन्या मिठागरांत, बांधांवर आणि उथळ तळ्यांत एकत्र येऊन दोन-अडीच तास विसावतात. पक्षी पाहायचे ते तेव्हाच. म्हणून अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आगेमागे येणारे रविवार ठरवून टाकले.

१९ नोव्हेंबर.
वापरलेला २०-६०×८० चा स्कोप (तिपाईवर लावायची एकनळी दुर्बीण) २७,५०० रुपयांना घेतला. त्यासोबत १,९०० रुपयांची हलकी तिपाई घेतली आणि तिथे फसलो. गच्चीवर लावून पाहिले, तर वाऱ्याच्या लहानशा झुळुकीनेही समोरच्या टाकीवरचे कबुतर थरथरू लागले. तिपाईच्या मधल्या दांड्याला वाळूची पिशवी टांगून पाहिली, पण उपयोग थोडाच झाला. हे पैसे बुडाले असे समजून पुढच्या आठवड्यात ५,४०० रुपयांची जड तिपाई घेतली. स्कोपवर खर्च करणाऱ्यांनी तिपाईवर काटकसर करू नये, कारण हलणाऱ्या भिंगातून चोचीचा बाक कळत नाही आणि या पक्ष्यांत बहुतेक वेळा चोच पाहूनच निवाडा करावा लागतो.

२६ नोव्हेंबर. नेरूळ, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेमागील पाणथळ.
शुद्ध चतुर्दशी, संध्याकाळी त्रिपुरी पौर्णिमा. भरती साडेदहा-अकराच्या सुमारास. हा काठ खाडीच्या पूर्वेला असल्याने सकाळी ऊन पाठीवर राहते, हे शिवडीच्या अनुभवावरून ओळखून जागा निवडली होती. आठ वाजता थोडे पक्षी होते. नऊनंतर एकामागून एक थवे खाडीवरून आत येऊ लागले आणि दहाला बांधाजवळची उथळ पट्टी पक्ष्यांनी भरून गेली. वाळूचिखल्ये, छोटे टिलवे, कर्ल्यू सँडपायपर, काळ्या शेपटीचे गॉडविट, तांबड्या पायांचे टिलवे, मागे उभे असलेले सात उचाट्ये. इतक्या जवळून इतके चिखलपक्षी आम्ही दोघांनीही आयुष्यात प्रथमच पाहिले आणि पहिली वीस मिनिटे वही उघडलीच नाही.

मोजणीत मात्र मोठी चूक झाली. मी अंदाजाने एकूण १,१०० लिहिले. घरी येऊन थव्याच्या छायाचित्रांवर चौकटी आखून एकेक पक्षी मोजला तेव्हा आकडा १,७६० च्या पुढे गेला. दाटीने बसलेल्या थव्यात मागच्या रांगा पुढच्यांमागे झाकल्या जातात आणि डोळा त्यांना वगळतो. तेव्हापासून पद्धत अशी ठेवली: आधी ५० पक्षी खरोखर मोजायचे, तेवढ्या जागेचा आकार डोळ्यांत धरायचा, मग त्या मापाने पूर्ण थवा मोजायचा आणि दोघांनी आपापला आकडा लिहून झाल्यावरच एकमेकांना दाखवायचा. जानेवारीपर्यंत आमच्या दोन आकड्यांतील फरक दहा टक्क्यांच्या आत आला होता.

१० डिसेंबर. उरण.
वद्य त्रयोदशी, भरती पावणेदहाच्या आसपास. खारकोपरपर्यंत लोकल, तिथून पुढे रिक्षा. घरातून पाण्यापर्यंत पोहोचायला दोन तास चाळीस मिनिटे लागली. रिक्षांचे जाऊन-येऊन ७०० रुपये झाले.

येथे मी जी चूक केली तिचे वर्णन सविस्तर करतो. टिलव्यांच्या थव्यात मला ब्रॉड-बिल्ड सँडपायपर दिसला अशी माझी खात्री झाली. त्याची खूण म्हणजे डोळ्यावरची दुहेरी भुवई आणि टोकाशी एकदम खाली मुडपलेली चोच. अंतर जवळपास २०० मीटर, वेळ अकराची, भिंगाची ताकद ६० पट. घरी छायाचित्र मोठे केले तेव्हा भुवई एकच होती, चोच मुळापासून टोकापर्यंत सारख्या बाकाची होती आणि पायही लांब होते. तो नेहमीचा कर्ल्यू सँडपायपर होता. अकरानंतर चिखलावरून उठणारी उन्हाची झळ ६० पटीत इतकी वाढते, की कडा दुभंगतात आणि एका भुवईच्या दोन होतात. ३० पटीच्या वर न जाण्याचा नियम त्या दिवशी केला आणि तो शेवटपर्यंत मोडला नाही. यादीत घातलेली नोंद रात्रीच काढून टाकली. हवे तेच पाहण्याची घाई हे या चुकीचे दुसरे कारण होते, हेही येथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

२४ डिसेंबर. उरण, तीच पाणथळ.
थवे चांगले, नवे काही नाही. तलवार बदके ६०, थापट्ये १४०, दलदली भोवत्या २. एका गॉडविटच्या पायावर झेंडीसारखी पट्टी होती, परंतु पक्षी पाण्यात उभा असल्याने अक्षरे वाचता आली नाहीत. अशा पट्टीवरील अक्षरे आणि रंग कळवल्यास तो पक्षी कोठे पकडला गेला होता हे समजते, म्हणून त्याच्यासाठी पन्नास मिनिटे थांबलो. पक्षी पाण्याबाहेर आला नाही.

घरी आल्यावर कळले, की कॅमेऱ्याचे घड्याळ साडेपाच तास मागे आहे. मागील चार फेऱ्यांच्या छायाचित्रांच्या वेळा वहीशी जुळवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. आता पाणथळीवर पोहोचताच पहिले छायाचित्र मोबाइलच्या घड्याळाचे काढतो.

१४ जानेवारी २०२४. उरण.
संक्रांतीचा आदला दिवस. शुद्ध तृतीया उलटून चतुर्थी लागलेली, भरती अडीचच्या सुमारास. दोनच दिवसांपूर्वी, १२ जानेवारीला, खारकोपर ते उरण लोहमार्ग आणि शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू या दोहोंचे उद्घाटन झाले होते, त्यामुळे या वेळी थेट उरण स्थानकापर्यंत लोकलने गेलो. प्रवासाचे पाऊण तास आणि रिक्षांचे जवळपास सगळे पैसे वाचले. २१.८ किलोमीटरच्या सेतूवरून मोटारीनेही येता येते, परंतु जाण्याचे २५० आणि जाऊन-येऊन ३७५ रुपये पथकर पडतो. चौघे मिळून जाणार असतील तरच ते परवडावे.

जानेवारीतील आशियाई पाणपक्षी गणनेसाठी आम्ही ही पाणथळ घेतली होती. दीडपासून मोजणी सुरू केली. सव्वादोनला कर्ल्यू सँडपायपर आणि वाळूचिखल्ये यांच्या मिश्र थव्यात सरांना एक पक्षी वेगळा वाटला. तो शेजाऱ्यांहून ठळकपणे मोठा होता, छाती भरदार, चोच डोक्याच्या लांबीपेक्षा थोडी अधिक, मुळाशी जाड आणि टोकाकडे किंचित वाकलेली, छातीवर गडद ठिपक्यांची दाटी. मी स्कोपमधून जेमतेम वीस सेकंद पाहिला. ग्रेट नॉट असावा असे दोघांच्याही मनात आले आणि त्याच क्षणी दलदली भोवत्या थव्यावरून गेला. सगळे पक्षी उठले, दोन घिरट्या घालून खाडीकडे गेले आणि परतले नाहीत. छायाचित्र नाही. आम्ही ईशान्येच्या बांधावर होतो, दुपारचे ऊन समोरून येत होते आणि पाठीवरचे रंग नीट दिसले नव्हते.

ग्रेट नॉट सैबेरियाच्या ईशान्येकडील डोंगराळ टुंड्रा प्रदेशात वीण करतो. त्यांतील बहुसंख्य पक्षी हिवाळ्यासाठी ऑस्ट्रेलियाकडे जातात, भारताच्या किनाऱ्यावर थोडेच उतरतात आणि जागतिक यादीत ही जात संकटग्रस्त म्हणून नोंदवलेली आहे. अशा पक्ष्याची नोंद वीस सेकंदांच्या दर्शनावर करणे योग्य नव्हे असे सरांचे मत पडले. मला ते त्या दिवशी जड गेले, परंतु ते बरोबर होते. वहीत 'शक्यता' एवढाच शब्द लिहिला आणि गणनेच्या अर्जात त्या पक्ष्याची जागा रिकामी ठेवली.

२१ जानेवारी. उरण.
एकादशी, भरती सव्वाआठला. केवळ त्या पक्ष्यासाठी पहाटे निघालो आणि पाणथळ जवळजवळ कोरडी आढळली. खाडीचे पाणी आत येण्याची उघाडी मातीच्या भरावाने बुजवलेली होती. तळ भेगाळू लागला होता, कडेला मेलेले निवटे पडले होते आणि जिथे आठवड्यापूर्वी दोन हजारांवर पक्षी विसावले होते तिथे नऊ टिटव्या होत्या. आम्ही उघाडीची, भरावाची आणि कोरड्या तळाची छायाचित्रे दिनांक व स्थानासह काढली आणि संबंधित कार्यालयाकडे लेखी तक्रार दिली. आधीच्या तीन फेऱ्यांच्या मोजणीचे आकडे त्या तक्रारीला जोडता आले. कोरड्या जागेचे नुसते छायाचित्र ती जागा आधी कशी होती हे सांगत नाही, ते त्या आकड्यांनी सांगितले. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने मोजणी दुर्मीळ पक्ष्यापुरती ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

२८ जानेवारी. उरण.
वद्य तृतीया, भरती सव्वादोन. उघाडीचा भराव अर्धवट निघाला होता आणि पाणी आले होते, पण कमी. मुख्य थवा तिथून दीड किलोमीटरवरच्या एका जुन्या मिठागरात गेलेला आढळला. या वेळी नैर्ऋत्येच्या बांधावर, ऊन पाठीशी घेऊन, बाराच्या आधीच बसलो. गवताच्या आडोशाला बसल्यावर पुन्हा उठायचे नाही असे ठरवले होते. पाणी चढत जाते तसे पक्षीच सरकत जवळ येतात.

एक वाजून चाळीस मिनिटांनी तो ग्रेट नॉट दिसला. अंतर सुमारे ९० मीटर. शेजारी एक तांबड्या पायांचा टिलवा आणि आठ-दहा कर्ल्यू सँडपायपर, त्यामुळे आकाराची तुलना एकाच चौकटीत मिळाली: उंचीला टिलव्याहून किंचित कमी, अंगाने त्याच्यापेक्षा भरीव. पाय हिरवट करडे. मिटलेल्या पंखांची टोके शेपटीच्या पुढे आलेली. ९५० रुपयांच्या कंसाने मोबाइल स्कोपला जोडला होता. त्यातून ३१ छायाचित्रे आणि दोन मिनिटांचे चित्रण मिळाले. छायाचित्रांपैकी २२ धूसर निघाली, कारण पडद्याला बोट लावताच स्कोप हलत होता. शेवटची नऊ तीन सेकंदांच्या विलंबाने काढली आणि ती स्वच्छ आली. पक्षी पंचवीस मिनिटे एका पायावर उभा होता. सरांनी त्या पंचवीस मिनिटांत बोलणे तर सोडाच, पाण्याची बाटलीही उघडली नाही.

रात्री नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर घातली. त्याच रात्री आनंदाच्या भरात मी नकाशावरील नेमका ठिकाणा पक्षीमित्रांच्या एका मोठ्या गटात पाठवला.

३१ जानेवारी, बुधवार.
सर एकटेच गेले. भरती चारच्या सुमारास. मिठागरावर नऊ छायाचित्रकार आलेले होते आणि त्यांतील दोघे जवळून चित्र मिळावे म्हणून बांध उतरून पाण्यात शिरले. चाळीस मिनिटांत पूर्ण थवा तीन वेळा उडाला. भरतीच्या त्या दोन तासांत आसपास बसायला दुसरी जागाच नसते. विश्रांतीच्या वेळी असे वारंवार उडावे लागले तर पुढच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी खर्ची पडते. सरांनी त्या दोघांना समजावले, ते ऐकून बाहेरही आले, परंतु थवा तोवर निघून गेला होता.

ही चूक माझी होती. ठिकाणा मी पाठवला होता. संदेश त्याच रात्री काढून टाकला, तरी तो आधीच पुढे गेलेला होता. विसाव्याच्या जागेचा नेमका ठिकाणा आता तपासणी करणाऱ्यांखेरीज कोणालाही देत नाही.

५ फेब्रुवारी.
नोंद तपासणाऱ्या स्वयंसेवकाकडून तीन प्रश्न आले: रेड नॉट का नाही, ग्रे प्लोव्हर का नाही आणि उडताना कंबर (शेपटीच्या मुळाजवळचा पाठीचा भाग) दिसली काय. पहिल्या दोहोंची उत्तरे छायाचित्रांतून देता आली. रेड नॉट लहान असतो, त्याची चोच आखूड व सरळ असते आणि छातीवर असे गडद ठिपके नसतात. ग्रे प्लोव्हरची चोच तर कबुतरासारखी आखूड व जाड असते. तिसऱ्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. वहीत १४ जानेवारीला 'उडताना कंबर पांढरी' असे सरांच्या अक्षरात होते, परंतु पांढरी कंबर कर्ल्यू सँडपायपरलाही असते आणि सगळे एकदम उठले तेव्हा नेमका कोणता पक्षी पाहिला याची खात्री देता येत नव्हती. तसे स्पष्ट लिहून पाठवले.

११ फेब्रुवारी. उरण.
शुद्ध द्वितीया, भरती दीडला. मिठागरात ४०० पक्षीही नव्हते. मूळ पाणथळीत पाणी पूर्ववत आले होते आणि थव्याचा मोठा भाग तिथे परतला होता. ग्रेट नॉट दिसला नाही. कुरवांमध्ये तीन सडपातळ चोचीचे. परतीच्या वाटेवर मोरघार, पायांत बोय मासा.

१४ फेब्रुवारी.
२८ जानेवारीची नोंद मान्य झाल्याचे कळले. १४ जानेवारीची आम्ही पाठवलीच नव्हती. पक्षी बहुधा तोच असावा, पण वहीत तो 'शक्यता' म्हणूनच राहील.

२५ फेब्रुवारी. नेरूळ.
वद्य प्रतिपदा, भरती पाऊणला. रविवारच्या मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहायला मी विसरलो आणि दोघेही एक वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो. पाणी उतरू लागले होते. छोटे रोहित ६५०, मोठे ४०. चिखलपक्ष्यांची मोजणी अपुरी, म्हणून एकूण आकडा लिहिला नाही.

१० मार्च. उरण.
अमावास्या, भरती साडेअकराच्या आसपास. ऊन कडक झाले असून दहानंतर स्कोपमध्ये झळेशिवाय काही दिसत नाही. काही कर्ल्यू सँडपायपरच्या पोटावर विटकरी रंग चढू लागला आहे आणि वाळूचिखल्यांच्या छातीवर नारिंगी पट्टा दिसतो आहे. टिलव्यांची संख्या जानेवारीच्या निम्म्यावर आली. ग्रेट नॉटसाठी दोन्ही जागा मिळून पाच तास दिले. नाही.

आजवरचा खर्च: स्कोप २७,५००, दोन तिपायांचे ७,३००, मोबाइलचा कंस ९५०, प्रवास व खाणे दोघांचे मिळून सुमारे ५,८००. फेऱ्या ११ (सरांची एकट्याची एक धरून), त्यांपैकी पूर्ण किंवा अर्ध्या वाया गेलेल्या ३. उघाडीसंबंधीच्या तक्रारीला अद्याप लेखी उत्तर आलेले नाही. भरावाची उरलेली माती तशीच आहे, म्हणून पाण्याची खोली मोजायला बांधाच्या कडेला सेंटिमीटरच्या खुणा केलेला एक बांबू रोवून आलो. आज भरतीला तिथे ३४ सेंटिमीटर पाणी होते. पुढची मोजणी २४ मार्चला, होळीच्या दिवशी, चतुर्दशीच्या साडेदहाच्या भरतीला आहे.